एकशे दहाची पेटी

अडतीस वर्षं मी टीव्ही आणि व्हिडिओ गेमची मशिनं दुरुस्त केली, आणि त्यातला एकही दिवस विजेची भीती न वाटता गेला नाही. लेख मागायला संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "बाईमाणूस असून एवढं धाडसाचं काम केलंत, त्यावर लिहा." धाडस वगैरे काही नाही हो. आयटीआयला माझ्याबरोबर दोघं धाडसी होते. एकाची उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि दुसऱ्याने एक जोरदार झटका खाल्ल्यावर किराणा दुकान टाकलं. मी भित्री होते म्हणून टिकले.

नाशिकरोडला माझं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री जेवायला गेलेत का?" देवळाली कॅम्पातले एक सुभेदार तर मिस्त्रीची वाट बघत दीड तास स्टुलावर बसून राहिले. तेवढ्या वेळात मी त्यांचा टीव्ही उघडला, जळालेला भाग बदलला आणि बातम्या लावून दिल्या. सुभेदार उठले, मला कडक सॅल्यूट ठोकला आणि टीव्ही उचलून गेले. पुढे त्यांनीच अर्धा कॅम्प माझ्याकडे पाठवला.

जुन्या काचेच्या टीव्हीत भीती कुठे असते, ते आधी सांगते. पिक्चर ट्यूब बंद केली, पिन काढली, तरी तिच्या पोटात हजारो व्होल्ट शिल्लक राहतात. ते आधी वायरने जमिनीला उतरवायचे आणि मगच हात लावायचा. दुसरा नियम, चालू मशिनला एकाच हाताने हात लावायचा. दोन्ही हात लागले तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, आणि वाटेत काळीज असतं. पुरुष डावा हात पँटच्या खिशात घालतात. साडीला खिसा कुठला? मी डावा हात पाठीमागे नेऊन कमरेला खोचायचे. बघणाऱ्यांना वाटायचं, बाईची कंबर दुखतेय.

टीव्हीपेक्षा मला व्हिडिओ गेमच्या मशिनची जास्त भीती वाटायची. आजच्या मुलांना ती मशिनं माहीत नसतील. माणसाएवढं उंच लाकडी कपाट, वर आत बसवलेला जाड काचेचा मॉनिटर, खाली बटणं आणि दांडी, त्याखाली नाणं टाकायचं लोखंडी दार. कॅम्पात इस्माईलभाईंचं पार्लर होतं, त्यात अशी सात मशिनं ओळीने उभी असायची. रविवारी जवानांची आणि पोरांची एवढी गर्दी व्हायची, की मला मशिनच्या मागे जायला भिंतीला पाठ घासत जावं लागायचं.

आता थोडं धंद्यातलं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्या मॉनिटरला एकशे दहा व्होल्ट लागायचे आणि आपल्या घरात येतात दोनशे तीस. म्हणून कपाटाच्या तळाशी एक ट्रान्सफॉर्मर असायचा. आम्ही त्याला एकशे दहाची पेटी म्हणायचो. या पेटीची कामं दोन. एक म्हणजे व्होल्ट कमी करायचे, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम कुणाच्या लक्षात येत नाही. इस्माईलभाईंकडच्या मॉनिटरच्या आतल्या पत्र्याला विजेची एक तार थेट जोडलेली असायची. पेटीत तांब्याची दोन वेगळी वेटोळी असतात, एकमेकांना न चिकटलेली. तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी प्यावं, तशी वीज एकातून दुसऱ्यात येते. त्यामुळे मॉनिटरचा पत्रा भिंतीतल्या विजेपासून तुटलेला राहतो आणि माणूस वाचतो.

पण पेटीचा आणखी एक प्रकार असतो, ऑटो म्हणतात त्याला. त्यात वेटोळं एकच. त्याच्या मधूनच फाटा काढून एकशे दहा घ्यायचे. तांबं निम्मं लागतं, पेटी हलकी होते, लवकर तयार होते. मीटर लावलात तर तोही एकशे दहाच दाखवतो. मॉनिटरवर चित्रही झकास येतं. फक्त ते दुसरं काम ती करत नाही. भिंतीतली वीज मॉनिटरच्या पत्र्यापर्यंत सलग पोचते, आणि पिन कशी बसलीय त्यावर पत्रा मेलेला की जिवंत ते ठरतं.

एका रमजान ईदच्या आदल्या दिवशी पार्लरमधल्या कोपऱ्यातल्या मशिनची पेटी जळाली. ईदला पार्लर खच्चून भरायचं. जुन्या नाशकात तांब्याची वेटोळी गुंडाळून देणारे एक वाइंडिंगवाले चाचा होते, मी जळालेली पेटी घेऊन त्यांच्याकडे धावले. चाचा म्हणाले, दोन वेटोळ्यांची पेटी आठ दिवसांनी, ऑटो संध्याकाळपर्यंत. मी म्हणाले, ऑटो करा. त्यांनी ती हातात देताना मला थांबवलं.

"बेटी, ये ऑटो है. भूलना मत."

"ईदनंतर बदलते, चाचा."

मी ती बसवली. कपाट लाकडाचं, बटणं प्लास्टिकची, पायाखाली रबर. मशिनला तीन पिनांचा प्लग होता, तो उलटा बसूच शकत नव्हता. तार बरोबर बाजूला आहे हे मी तीनदा तपासलं. इस्माईलभाईंना काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी ते मशिन ईदला बंद ठेवलं असतं, असा तो माणूस होता. ईद झाली, त्यानंतर टीव्हींची रांग लागली, मग पावसाळा आला. पेटी बदलायची राहिली. पहिलं वर्ष मला ती रोज आठवायची. मग अधूनमधून आठवायची. पुढे लोकांच्या घरात कॉम्प्युटर आले, पार्लर बंद पडलं, सातही मशिनं इस्माईलभाईंच्या गोदामात ताडपत्रीखाली गेली आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, हायसंच वाटलं.

इस्माईलभाई गेले. त्यांचा मुलगा नदीम कॅम्पातच मोबाईलचं दुकान चालवतो. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या घरी आला. म्हणाला, "ताई, अब्बांची मशिनं परत चालू करायचीत. जुने गेमचे बोर्ड सगळे मेलेत. पण आत कॉम्प्युटर बसवला तर जुने सगळे गेम एकाच मशिनवर चालतील. मॉनिटर मात्र जुनाच ठेवायचा, नव्या स्क्रीनवर ती मजा नाही. मी जोडून बघितलं तर चित्र फाटतंय."

फाटणारच. जुना मॉनिटर एका सेकंदात पंधरा हजारांच्या वर ओळी काढतो, कॉम्प्युटर त्याच्याकडे दुप्पट वेगाने पाठवतो. बिचाऱ्या मॉनिटरला दम लागतो, चित्राचे दोन-तीन तुकडे होतात आणि तसंच चालू ठेवलं तर आतला मुख्य ट्रान्झिस्टर जळतो. मी गेले. कॉम्प्युटरला पंधरा हजारांवर आणणारं कार्ड नदीमने मागवलं, लाल-हिरव्या-निळ्या रंगांच्या तीन तारा आणि ग्राउंड, म्हणजे मॉनिटरचा पत्रा कॉम्प्युटरच्या डब्याला जोडणारी तार, मी जोडली, चित्र जागेवर धरून ठेवणाऱ्या दोन तारा एकीत मिळवल्या. पूर्वी मॉनिटर नीट चालतोय की नाही हे मी त्याच्या बारीक शिट्टीवरून डोळे मिटून सांगायचे. आता तेवढा बारीक आवाज माझ्या कानाला येतच नाही. नदीमच्या बायकोला विचारलं, "वाजतंय का गं?" ती म्हणाली, "हो, अगदी बारीक, सारखं." मग मी मान हलवली. त्या दिवशी वय झाल्याचं पहिल्यांदा खरं वाटलं.

नदीम शेजारी उभा राहून एकेक गोष्ट वहीत लिहून घेत होता. मी सगळं सांगितलं. वेग सांगितला, तारा सांगितल्या, ट्यूब रिकामी कशी करायची ते सांगितलं. पेटीबद्दल मात्र बोलले नाही. त्या मशिनची पेटी मी त्याची पाठ असताना हळूच तपासली, ती दोन वेटोळ्यांची होती. का तपासली ते सांगायचं, तर ईदची गोष्ट सांगावी लागली असती. बाकीची मशिनं तो मलाच बोलावून करेल आणि कोपऱ्यातलं निघालं की मी गुपचूप पेटी बदलून टाकीन, असा माझा हिशेब होता.

गेल्या वर्षी गणपतीत त्याने मला पुन्हा बोलावलं. दुपारचे तीन वाजले असतील. गोदामातलं आणखी एक मशिन मागून उघडलेलं होतं. नदीमने तळातली पेटी बाहेर काढायला हात घातला आणि कण्हला.

"बाप रे, हिचं वजन केवढं! सायखेड्याच्या मशिनची तर एका हाताने उचलली होती मी."

"सायखेड्याचं कुठलं मशिन?"

"मी एकट्याने केलं की एक! तुमचं बघून, वहीतून. परफेक्ट चाललं. बाळासाहेब आहेत ना तिथले, माझे गिऱ्हाईक, त्यांच्या मंडळाने गणपतीला नेलंय. पोरांना फुकट खेळायला."

मी विचारलं, प्लग कुठला लावलास. तो म्हणाला, जुना तीन पिनांचा सडला होता, दोन पिनांचा लावला. आणि बटणांची फळी? ती कुजली होती, तिच्या जागी स्टीलचा पत्रा कापून बसवला, छान चकाकतो. कॉम्प्युटरचा डबा, पत्रा आणि नाण्याचं दार एकाच तारेने जोडलंय, तुम्ही जोडलं होतं तसंच. तो हे सगळं अभिमानाने सांगत होता. दोन पिनांचा प्लग कसाही बसतो. सरळ बसला तर काही नाही. उलटा बसला तर दोनशे तीस व्होल्ट त्या चकाकणाऱ्या पत्र्यावर, आणि गेम तसाच मजेत चालू राहणार.

"नदीम, फोन लाव. मशिन बंद करायला सांग. आत्ता."

त्याने लावला. बाळासाहेब उचलेनात. मंडपात स्पीकर लावलेले असणार, फोन कुणाला ऐकू येणार? आम्ही गाडीत बसलो, आणि हलकी पेटी म्हणजे ऑटो, ती काय करते, ते मी त्याला सांगितलं. कॅम्प ते सायखेडा म्हणजे तासाभराच्या वर. जेलरोडला मिरवणुकीच्या ट्रॅक्टरमागे अडकलो, तेव्हा मी दार उघडून पायीच निघायच्या बेतात होते. नदीम दर पाच मिनिटांनी फोन लावत होता. मध्येच त्याने विचारलं, "ताई, पण ती पेटी तशी कशी?" मी म्हणाले, "रस्त्याकडे बघ." चांदोरी मागे पडली, गोदावरीचा पूल आला. नदीला पाणी भरपूर होतं आणि रस्त्यावर नुकत्याच पडलेल्या सरीची डबकी होती. ती डबकी बघून मला रडू आलं.

मंडप हातपंपाशेजारी होता. गणपतीच्या डाव्या हाताला मशिन, त्याच्यापुढे पंधरा-वीस मुलांची रांग, पायाखाली ओली सतरंजी. आणि सगळी मुलं अनवाणी. का नसणार? देवाच्या मंडपात चपला कोण घालतं? मुलांच्या चपलांचा ढीग दाराशी पडला होता. मीही सवयीने त्या ढिगाजवळ चपला काढल्या आणि दोन पावलं आत गेले. तळपायाला गार ओल लागली तेव्हा भानावर आले. अडतीस वर्षं ज्या गोष्टीला भ्याले, तीच करायला निघाले होते. मागे फिरले, रबराच्या चपला पायात घातल्या आणि तशीच गणपतीसमोर शिरले.

"ओ आजी! चपला! चपला काढा आधी!"

दोन बायका धावत आल्या. पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ हात आडवा करून उभे राहिले. ते बाळासाहेब. "मावशी, वय झालंय तुमचं, देवाचं कळंना का? लय वाईट दिसतंय हे." नदीम दारातच थांबला होता. चपला घालून तो आत आला असता तर प्रकरण वेगळीकडेच गेलं असतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. तो बाहेरूनच ओरडला, "बाळासाहेब, जाऊ द्या त्यांना! मशिनमध्ये करंट आहे!"

"हाय ना थोडा," रांगेतलं एक पोरगं हसत म्हणालं. "पत्र्याला बोट लावलं का झिणझिण व्हतं. मज्जा येती."

मी बाळासाहेबांच्या हाताखालून वाकून गेले. मशिनपुढे दोन मुलं होती, चारही हात पत्र्यावर. त्यांना ओढलं असतं तर मीही चिकटले असते. बांबूला एक्स्टेन्शन बोर्ड बांधला होता. डावा हात कमरेला खोचला आणि उजव्याने प्लग उपटला. पडदा काळा झाला. मुलांनी जो ओरडा केला, तो ऐकून मला कळलं की सगळी जिवंत आहेत.

बाळासाहेब चिडले होते. "काय झालं काय? सकाळपास्न चालू हाय, कुणाला काय बी झालं नाय."

"प्लग सकाळपासून काढला होता का?"

"दोनदा काढला. आरतीला लायटिंग लावाया. ढिला बसतोय, कसा बी घुसतो."

मी सगळ्यांना मंडपाबाहेर काढलं. मुलाच्या बोटाला झिणझिण होत होती, ती परतीच्या तारेत उरलेल्या थोड्या व्होल्टची. अर्थिंग नसलेला कॉम्प्युटरही तेवढा झिणझिणतोच, म्हणून कुणाला शंका आली नाही. माझ्या पिशवीत होल्डरसकट शंभरचा बल्ब कायम असतो. त्याची एक तार पत्र्याला लावली, दुसरी लांब करून हातपंपाच्या पाइपाला. प्लग मघाशी होता तसा घातला. बल्ब पेटला नाही. बाळासाहेब माझ्याकडे बघायला लागले. मग मी प्लग काढला, उलटा केला आणि घातला.

बल्ब लख्ख पेटला. मघाशी हसणारं पोरगं आपल्याच बोटाकडे बघत होतं. त्याची आई बायकांमधून पुढे आली आणि तिने त्याला कडेवर उचललं, आठ-नऊ वर्षांचं घोडं होतं तरी.

बाळासाहेबांनी टोपी काढली. "तिसऱ्यांदा काढला असता तर..." ते म्हणाले आणि थांबले. मग विचारलं, "ताई, असं कुणी बसवलं व्हतं हे?"

नदीम माझ्याकडे बघत होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी म्हणाले, "जुन्या काळी बसवायचे असे."

बसवायचे. कोण बसवायचे? त्या एका शब्दामागे मी लपले. त्यानंतर जे झालं ते लिहिताना हात जड होतो. संध्याकाळच्या आरतीनंतर त्यांनी मला गणपतीसमोर खुर्चीवर बसवलं. माईकवरून सांगितलं की या माऊलीने आपल्या गावची लेकरं वाचवली. शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. त्या आईने सगळ्यांसमोर माझे पाय धरले. मी ते धरू दिले. इतकी भीती मला चालू ट्यूबला हात लावतानाही कधी वाटली नव्हती. येताना नदीम गाडीत तीन-तीनदा म्हणत होता, ताई, तुम्ही नसता तर माझ्या हातून काय झालं असतं. त्याला वाटत होतं, चूक त्याची. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

त्यानंतरचं वर्ष त्याने मशिनं बंद ठेवली. मला हिंमत होत नाही म्हणाला. लेखासाठी फोन आला तेव्हा मला काय लिहायचं ते कळलं, आणि ते नदीमला आधी सांगायचं हेही कळलं. मागच्या आठवड्यात कॅम्पात त्याच्या दुकानात गेले. ईदची गोष्ट सांगितली, चाचांचे शब्द सांगितले, त्याचे अब्बा मशिन बंद ठेवतील म्हणून लपवलं तेही सांगितलं. तो रागावला तर ऐकून घ्यायचं ठरवून गेले होते. तो रागावला नाही. काउंटरवरचा मोबाईल उचलून तो बराच वेळ पुसत बसला.

मग त्याने एवढंच विचारलं, "एकच होती ना, ताई, तशी पेटी?"

मी लगेच "हो" म्हणाले. घरी आले, जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. त्या काळात नाशिकरोड, भगूर, त्र्यंबकेश्वर, कुठे कुठे मी मशिनं दुरुस्त केली. त्र्यंबकच्या लॉजमध्ये दोन होती. भगूरला बसस्टँडसमोर एक होतं. एकदा घाईत ऑटो चालून गेली म्हटल्यावर दुसऱ्यांदा मी चाचांना काय सांगितलं असेल? मला आठवत नाही. आठ दिवस झाले, मी आठवतेय. चाचाही आता नाहीत.

म्हणून हा लेख. नाशिक भागातलं त्या काळचं एखादं जुनं गेमचं मशिन तुमच्याकडे असेल, हौसेने त्याला कॉम्प्युटर जोडायचा असेल किंवा आधीच जोडला असेल, तर हे वाचून होताच त्याचा प्लग काढा. तळातली पेटी उचलून बघा. हलकी लागली, तर ती कदाचित मी बसवलेली आहे. मला बोलवा. मी येऊन बदलून देईन.